नववा स्विच

मोटारबोटीच्या जुन्या पॅनेलमधला वायरींचा गुंता सोडवण्यात माझे दोन दिवस गेले. नऊ स्विच होते, त्यातल्या आठांचा माग लागला. नवव्याखाली पेनाने 'हळू' असं लिहिलेलं. त्याची वायर शोधत मी पोटावर सरपटत इंजिनापर्यंत गेलो, तर ती मध्येच टेप गुंडाळून सोडून दिलेली. कपाळाला हात लावला आणि नव्या पॅनेलला आठच भोकं पाडली.

मालक आले. "नववा कुठाय?"

"तो कशालाच जोडलेला नव्हता, साहेब."

"माहितीये. बायकोला पाण्याची भीती वाटते. ती तो दाबते, मी गुपचूप स्पीड कमी करतो. तिला वाटतं, स्विचनेच कमी झाला. बसवा परत."

हे आधी सांगायला काय झालं होतं, असं ओठांवर आलेलं गिळलं आणि गुळगुळीत पॅनेलला नववं भोक पाडलं.

संध्याकाळी मालकीणबाई बोट बघायला आल्या. मालक लांब आहेत याची खात्री करून म्हणाल्या, "हा कशालाच जोडलेला नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहितीये. यांना कळू देऊ नका. तोंडाने सांगितलेलं यांनी आजवर कधी ऐकलंय?"