आतून मूठ नसलेलं दार

“सांगतो, पण तुला खरं वाटणार नाही,” काका म्हणाला. “आजवर कुणालाच वाटलेलं नाही.”

सुतार दारापुढे उकिडवा बसला होता. चार बोटं जाडीचं दार, कडेनं रबरी पट्टी, आणि आतल्या बाजूला मूठच नाही. तिच्या जागी लाकडाचं ठिगळ. “आतून उघडायचं कसं हो?” एवढंच त्यानं विचारलं होतं. काकाला तेवढं पुरलं.

“झालं! आता तू थापा मारणार आणि हे बसणार काम सोडून ऐकत,” पुतणी शिडीवरून म्हणाली. ती छताला फोम ठोकत होती. “उद्या पहिलं रेकॉर्डिंग आहे, काका.”

पंचवीस वर्षं बंद पडलेली ही मागची खोली तिनं महिन्याभरात पुन्हा उभी केली होती. नवा माइक, नवा मिक्सर, नव्या वायरी. स्टुडिओ मूळचा तिच्या वडिलांचा. ते गेले तेव्हा ती दीड वर्षाची होती. त्यांचे फोटो ढिगानं होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. माळ्यावरच्या सगळ्या टेपा तिनं ऐकून काढल्या. जुन्या बातम्या निघाल्या, कुणाचं तरी घोरणं निघालं. वडील एका शब्दापुरतेही निघाले नाहीत.

“तर आमचा दादा,” काकानं खुर्ची ओढली. “गळा त्याचा, बटणं माझी. आमचे वडील म्हणायचे, एका घरात एकच गळा पुरे. मग मी बटणं शिकलो. पण खोली काय बांधली होती म्हणतोस! आत सिंहानं डरकाळी फोडली तरी बाहेर मांजर झोपलेलं. हेडफोन कानाला लावले तरच कळायचं, आत कुणी आहे म्हणून. आणि आत बसलं ना, की आपली नखं वाढताना ऐकू यायची.”

“नखं?”

“डाव्या हाताची. उजव्याची जरा दबकत वाढतात.”

सुतार हसता हसता मागे कलंडला.

“मला तर दाढी सांगितली होतीस,” पुतणी म्हणाली.

“तेव्हा तू लहान होतीस. चालून गेलं.”

“आणि मूठ?” सुतारानं डोळे पुसले.

“मूठ पितळेची. दादा खालच्या सुरात गेला की ती थरथरायची, आणि माइकमध्ये सगळं उतरायचं. दादा म्हणाला, काढ ती बया. पहिल्या रेकॉर्डिंगच्या सकाळी मीच काढली. म्हटलं, बाहेर मी आहेच की उघडायला.”

काका थांबला. पुढचं पुतणीला पाठ होतं. ते तिनंच सांगून टाकलं, हातोडी न थांबवता.

“आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच वायर जळाली. मशीन बंद करून काका नवी वायर आणायला बाजारात गेला. तासाभरानं येऊन दार उघडलं, तर बाबा उंबऱ्याशी पडलेले. हार्ट अटॅक. टेप कोरी ती कोरीच.”

“माफ करा हं, ताई. मी आपलं उगाच...”

“असू दे हो. वाटतं इतकंच, की एखादी ओळ तरी झाली असती. मी नुसत्या ‘हॅलो, हॅलो’वरही भागवलं असतं.”

सुतारानं ठिगळाचा पहिला स्क्रू सोडवला. मग त्याला राहवलं नाही. “बिचारे. साधी हाकसुद्धा मारता आली नसेल.”

“आली नसेल?” काका ताठ झाला. आपल्या गोष्टीत दुसऱ्या कुणी भर घातलेली त्याला खपत नसे. “चांगल्या तीन मारल्या! पहिली खणखणीत. ‘छोट्या!’ नेहमीसारखी, हुकूम सोडल्यासारखी. दुसरी थेट खर्जात. ‘छोट्या, दार.’ आणि तिसरी...” त्यानं डोळे मिटले, मैफलीतल्या जाणकारासारखी मान हलवली. “तिसरी लागलीच नाही. श्वास पुरला नाही. जन्मात पहिल्यांदा दादा बेसूर झाला.”

काकानं दाद घ्यायला डोळे उघडले.

सुतार हसला नाही. शिडीवरची हातोडी थांबली होती. पुतणी एकेक पायरी उतरत खाली आली आणि काकाच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

“या भिंतींतून हाक बाहेर येत नाही, काका,” ती म्हणाली. “ती टेप कुठे ठेवलीत तुम्ही?”