फ्यूजची तार

दुपारी विट्याहून बायकोचा, राणीचा फोन आला. घरातली लाईट गेली, म्हणाली. मदुराईला सोनं आटवणारा अमृत भट्टी सोडून दुकानाबाहेर आला.

"फ्यूज उडाला असंल. आधी मेन स्विच पाड. पायात रबरी चप्पल हाय न्हवं?"

"हाय."

"आता फ्यूज उपस."

"लय घट्ट बसलाय, आवं. थांबा."

अमृतला घाम फुटला. घरी जाणं वर्षातून दोनदा. बाकी घर असं फोनवरूनच सांभाळायचं.

तेवढ्यात तिच्यामागे मिक्सर घरघरला.

"आत्या, थांबा जरा," राणी सासूला दबक्या आवाजात म्हणाली. "ह्यांचं सांगून होऊ द्या."

मिक्सर बंद झाला.

"निघाला बगा. आता पुढं काय करू?"

लाईट नसताना मिक्सर कसा चालला, हे अमृतने विचारलं नाही. नवी तार कशी आवळायची, ते त्याने सावकाश सांगितलं.