मेलेली मुंगी

“बाई, आटलेलं दूध परत येतं का?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाळेत आलेल्या नर्सबाईंना मी सगळ्या वर्गासमोर विचारलंच!

“येतं की! बाळाला सारखं छातीशी लावलं, तर येतं.”

उड्या मारत घरी आले आणि अक्काला सांगितलं. तिनं रिकाम्या पाळण्याला झोका दिला. महिन्यापूर्वी तिच्या सासूनं मला अक्काच्या दुधाच्या वाटीत मुंगी टाकायला लावली; मुंगी मेली, म्हणून दूध विषारी ठरवून तिनं बाळ मेढ्याला, आपल्या गावी नेलं होतं.

“पाया पडून आलो, पोरी,” आबा म्हणाले. “बाळ न्हाई देत ती.”



“आई, आबा, उद्या मी मेढ्याला जाणार. अक्काच्या सासूला खरं काय ते सांगणार, जिवंत मुंगी गावंना म्हणून मी वाटीत मेलेलीच टाकलेली.”