पिशवीचा रिपोर्ट

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली संस्कृती सुट्टीत वडवणीला घरी आली, तेव्हा बायनाबाईने पेटीतला जुना कागद लेकीपुढं धरला. "माजी गर्भपिशवी काढली, तवाचा रिपोर्ट हाय. आता तुला समजतंय, सांग की काय लिवलंय."

संस्कृतीने दोनदा वाचलं. गर्भाशय निरोगी होतं. कॅन्सर कुठंच नव्हता. सव्विसाव्या वर्षापासून कंबर धरून चालणाऱ्या आईकडं तिला बघवेना.

"कॅन्सरच होता, माय. काढली म्हणून वाचलीस."

"डॉक्टरबी तेच म्हणले हुते." बायनाबाईचा चेहरा उजळला. "म्हणून तर तुज्या ताईचं पोट दुखाया लागल्यावर लगेच त्यांच्याकडंच नेलं. परवा तिचीबी काढली."