शेवटचा भाग

परग्रहावर जाणाऱ्यांच्या टीव्ही मालिकेचा शेवटचा भाग झाला आणि डोंगरकडा गावात दोन तट पडले. मालिकेतली शास्त्रज्ञ बाई पाळण्यातलं लेकरू नवऱ्यापाशी ठेवून, कधीच परत न येणाऱ्या यानात बसून निघून गेली होती.

"माय हाय का कैदाशीण!" आत्या कडाडली.

"बाप गेला असता तर तुमीच टाळ्या वाजवल्या असत्या," संघमित्रा म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि दोन दिवसांपासून त्या बाईची बाजू घेऊन साऱ्या गल्लीशी भांडत होती. आत्या तणतणत घरी गेली, तशी ती तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या मायकडे वळली. "माय, तू तरी सांग. चुकलं का तिचं?"

"न्हाई."

संघमित्रा खूश झाली. "मंग आत्यासमोर काहून न्हाई बोललीस?"

"कोणत्या तोंडानं बोलू? त्या दिवशी तुला तिनंच संभाळलं."

"कोणत्या दिवशी?"

"मी बी गेलते एकदा. तू आठ महिन्यांची होतीस. तुला झोळीत निजवलं अन् वारंगा फाट्यावर जाऊन बसले."

"मला टाकून?"

"व्हय."

 एकच उत्तर ऐकायच्या आशेनं संघमित्रानं विचारलं, "मंग माझी आठवण आली म्हणून परत आलीस ना?"

मायनं पुढची शेंग उचलली.

"अंधार पडंस्तोवर गाडीच आली न्हाई, बाई."