उंच काठाची थाळी

अप्पांच्या पंचाहत्तरीला विभावरीने पुण्याहून मालिश करणारी महागडी खुर्ची आणली. अप्पा तिच्यात पाच मिनिटं बसले आणि म्हणाले, "छान आहे हो." मग विभावरीच्या धाकट्या भावाच्या बायकोने, शलाकाने, त्यांच्यापुढे एक स्टीलची थाळी ठेवली. भांडीवाल्याकडून तिने एका बाजूचा काठ उंच करून आत वळवून घेतला होता. सगळा मिळून खर्च दोनशे रुपये.

अर्धांगवायूने उजवा हात गेल्यापासून अप्पांना आई भरवायची. चारचौघांत ते जेवतच नसत. आज त्यांनी डाव्या हातातल्या चमच्याने भात काठाकडे लोटला आणि तिथे अडून तो अलगद चमच्यात आला. सगळ्यांसोबत बसून ते पोटभर जेवले. वर शलाकाकडे आणखी आमटी मागितली.

विभावरी त्या थाळीकडे बघत राहिली. मुलगी मी, आणि सुचलं हिला!

स्वयंपाकघरात तिने शलाकाला गाठलं. "इंटरनेटवर बघितलंस ना?"

"नाही हो, ताई. आठवडाभर मीच डाव्या हाताने जेवले. भात कुठे निसटतो ते तेव्हा कळलं."



दुसऱ्या दिवशी सकाळी विभावरी पोह्यांची बशी घेऊन अप्पांशेजारी बसली आणि चमचा डाव्या हातात धरला. पहिलाच घास ओढणीवर सांडला.

अप्पा बघत होते. "मनगट सैल सोड," ते हळूच म्हणाले, "जमेल तुला."