वाकडी ओळ

रोवणी लागली की आंबागडच्या पोरी शाळा सोडून धानाच्या बांधीत उतरायच्या. अठ्ठ्याहत्तर साली रुखमानंही चौथीतल्या लेकीला उतरवलं, तर रविवारी शाळेच्या बाईच बांधीच्या कडेला, धुऱ्यावर हजर! “तिच्या वाटचं मी रोवते, लागतील तेवढे रविवार. तिला शाळेत पाठवा.” “तुमाले जमन का, बाई?” रुखमा हसली. बाईंनी पातळ खोचलं. रोवताना मागं सरायचं असतं. त्या पुढं निघाल्या, आपणच लावलेले परे तुडवत. साऱ्याजणी खदखदून हसल्या. बाईही हसल्या आणि तुडवलेलं एकेक रोप पुन्हा लावत त्यांनी संध्याकाळपर्यंत ओळ पुरी केली. सोमवारी लेक शाळेत गेली. बांधीवर रुखमाचा नवरा आला न् भडकला. “हे वाकडी ओळ कोनं रोवली व? उपट!” “हात नोको लावू. बाईची हाये.” गावात सर्वांत सरळ रोवणाऱ्या रुखमानं मग शेजारची ओळही तशीच वाकडी रोवली.